चावी किती वेळा फिरवायची, ते मॉडेलला विचारू नका

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. टाळूला बसवलेला स्क्रू चावीने थोडा थोडा फिरवून वरचा जबडा रुंद करतात; त्या उपचाराची कॉम्प्युटर मॉडेल्स मी बनवते, हे इंदूरच्या ओळखीपाळखीत कळलं की प्रश्न ठरलेला: "ताई, मुलीचा स्कॅन आहे. चावी किती वेळा फिरवायची ते त्यावरून काढून द्याल?" नाही देता येत.

चावीचा हिशेब साधा आहे. पाव फेरा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. सकाळ-संध्याकाळ एकेक, म्हणजे दिवसाला अर्धा. वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडली की टाळूची मधली शिवण, म्हणजे हाडाच्या दोन अर्ध्यांमधला सांधा, उसवली असं समजायचं. थांबायचं कधी, ते ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर, तोंडात बघून ठरवतात. पोह्यांतली बडीशेप आणि शेव स्क्रूखाली अडकते, ती रोज ब्रशने काढा. त्याचा उपयोग माझ्या आकड्यांपेक्षा जास्त.

मॉडेल सांगतं ते जोर कुठे जातो हे. त्यासाठी प्रत्येक भाग किती ताठ आहे, तो आकडा मेगापास्कलमध्ये द्यावा लागतो. टणक हाडाला 13,700 मेगापास्कल, आतल्या सच्छिद्र हाडाला 1,370, दाताला 20,000, मुळाभोवतीच्या पातळ पडद्याला 0.68, अशी मूल्यं रूढ आहेत. आणि शिवणीला? इथेच घोडं पेंड खातं. जो तो वेगळा आकडा धरतो.

मॉडेलमध्ये हाडाचे लहान लहान तुकडे पाडतात, ती जाळी. ती बारीक केली की उत्तर खरं होतं, असं मी पूर्वी ठासून सांगायचे. तशी बारीक जाळी केलेल्या एका मॉडेलमध्ये टाळू पुढून मागेपर्यंत सारखा उघडला, सरकत्या दारांसारखा. चित्र सुरेख, गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमची एकही तक्रार नाही. पण तोंडात असं होत नाही. फट पुढे जास्त पडते, मागे कमी. खाली टाळूशी जास्त, वर नाकाकडे कमी. चूक शोधता शोधता जबड्याच्या मागच्या टोकाशी पोचले. तिथे वरचा जबडा टेरिगॉइडच्या पट्ट्यांना, म्हणजे मागच्या कवटीच्या हाडाच्या खाली उतरलेल्या पातळ फळ्यांना, टेकलेला असतो आणि रुंद व्हायला तिथूनच मोठा विरोध होतो. स्कॅनमधला एक घन, म्हणजे चित्राचा सगळ्यात लहान ठोकळा, 0.4 मिलिमीटरचा, हाडं वेगळी करताना दोघांमध्ये तेवढीच फट राहून गेली होती. मॉडेलमध्ये कवटी तिच्या तळाच्या महाछिद्राभोवती पक्की धरलेली, पण जबड्याची मागची बाजू अधांतरी! फट बुजवून जाळीच्या गाठी जोडल्या, तेव्हा मागचा भाग धरला गेला आणि फटीला पाचरीचा आकार आला. तरी पूर्ण चिकटवणं हेही खोटंच, कारण तिथेही शिवणच आहे.

आणखी एक. स्क्रूने अंतर लादायचं असतं, बळ नाही. पण पाच मिलिमीटर एका दमात लादले, तर कुठलंही हाड सोसणार नाही असे ताण दिसतात. खऱ्या तोंडात चावी फिरवण्याच्या दोन वेळांमध्ये ऊती सैलावते, हाड बदलतं. आयझॅकसन आणि सहकाऱ्यांनी 1964 मध्ये रुग्णांच्या तोंडातच बळ मोजलं: चावी एकदा फिरवली की 3 ते 10 पौंड. वय वाढलं की ते बळ उरतं आणि साचत जातं. माझ्या सरळरेषेतल्या गणितात ही सैलावण्याची रात्र नसतेच.

मग हे काम फुकट का? मुळीच नाही. स्क्रूचा आधार फक्त दाढांवर असला तर त्या बाहेर किती कलतात आणि हाडात रोवलेल्या पिनांवर घेतला तर किती, ही तुलना मॉडेल चांगली करतं. तो दावा मी सोडणार नाही. पण तुमच्या मुलीची शिवण किती गुंतली आहे, ते स्कॅनवर ए ते ई अशा पाच टप्प्यांत वाचतात, आणि त्या टप्प्यांवर मेगापास्कल लिहिलेले नसतात.

म्हणून शिवणीला एकदा 1, एकदा 10, एकदा 100 मेगापास्कल धरून तिन्ही उत्तरं शेजारी ठेवते. त्यातलं तुमच्या मुलीचं कोणतं, ते मला अजून ओळखता येत नाही.