लिहिणं वेगळं आणि लिहून देणं वेगळं

"तू इतकं छान लिहितेस, यातच काहीतरी कर ना" हे मी कॉलेजपासून ऐकत आलेय, पण ते 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय हे सांगणारं कोणी भेटलं नाही. आता लिहून पोट भरायला लागून नऊ वर्षं झाली, तर म्हटलं आपणच लिहावं.

मला पैसे देणारं पहिलं काम काय होतं माहितीये? खुर्च्या. एका वेबसाईटसाठी ४० खुर्च्यांची वर्णनं, प्रत्येकी ५० शब्द. दहाव्या खुर्चीला 'आरामदायी' संपलं, पंधराव्या खुर्चीला 'आकर्षक' पण संपलं. मग वैतागून मी विचार करायला लागले की हिच्यावर बसणार कोण, रात्रभर जागून अभ्यास करणारा पोरगा की गुडघे धरून उठणारी आजी, उठताना तिच्या हाताला आधाराला काय लागेल, आणि एकदम सुचायला लागलं. म्हणजे कथा लिहिताना जे करायचे तेच की हे! फक्त गोष्ट माझी नव्हती, आणि कुठे थांबायचं ते दुसऱ्याने ठरवलेलं होतं.

यालाच मी 'लिहून देणं' म्हणते. लिहायची आवड असलेले खूप जण इथेच अडकतात, कारण आपलं वाक्य कोणी कापलं की बोट कापल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं. पहिल्या रेडिओ जाहिरातीला मी १२० शब्द लिहून नेले होते, वेळ होता ३० सेकंद. वाचणाऱ्याने घड्याळ लावून वाचून दाखवलं, निम्म्यावरच वेळ संपली. तेव्हापासून मी सगळं मोठ्याने वाचते, शेजारचे काय समजायचं ते समजोत.

कामं तशी बरीच असतात, जाहिराती, पटकथा, संवाद, सबटायटल्स, गेममधली पात्रं, दुसऱ्याच्या नावाने आत्मचरित्र लिहून देणं, ॲपमधल्या बटणावरचे दोन शब्दसुद्धा. पटकथेत साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट धरतात, त्यामुळे तीन पानं नुसतं पावसाचं वर्णन केलंत तर दिग्दर्शक तुम्हालाच पावसात उभं करेल. तिथे 'तिला वाईट वाटलं' लिहून चालत नाही, ती काय करते ते लिहावं लागतं. सबटायटल्सनी मला जेवढी काटकसर शिकवली तेवढी कुठल्याच वर्कशॉपने नाही.

आता पैशांचं. एकाला मी मालिकेची अख्खी कल्पना भेटीत तोंडी सांगितली, उत्साहात पात्रांच्या सवयीसकट, आणि वर्षभराने तसंच काहीतरी पडद्यावर दिसलं. खूप रडले. मग वाचायला बसले तेव्हा कळलं की कॉपीराईट नुसत्या कल्पनेला नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्या मांडणीला असतो. १८८६ च्या बर्न करारात (कॉपीराईटबद्दलचा देशादेशांमधला करार) सामील देशांमध्ये त्यासाठी नोंदणीचीही सक्ती नाही, लिहिलं की हक्क आपला, पण आधी लिहिलेलं तर पाहिजे ना! मी नुसती बोलले होते. आता आधी दोन पानं लिहून मेल करते, मग भेटते. करारात तीन गोष्टी बघते: हक्क कायमचे देतेय की ठरावीक वापरापुरते, किती वेळा बदल करून द्यायचे, आणि काम मध्येच थांबलं तर काय मिळणार. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तर फाईलच उघडत नाही, उद्धट म्हणतात, म्हणू देत.

नोकरी सोडायची का, हे सगळेच विचारतात. मी तीन वर्षं सोडली नव्हती. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टात नोकरी करत करत रोज पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ ठेवून, दर पंधरा मिनिटांत २५० शब्द. कवी टी. एस. एलियट १९१७ पासून १९२५ पर्यंत बँकेत होता, आणि त्याची १९२२ सालची 'द वेस्ट लँड' ही गाजलेली दीर्घ कविता त्याच काळातली. त्यामुळे नोकरी करणारा खरा लेखक नाही वगैरे मला कोणी सांगू नये. उलट घरभाड्याची चिंता डोक्यावर असताना मी लिहिलेलं सगळं मला आज वाचायला नको वाटतं.

एक तोटा मात्र आहे, तो कोणी आधी सांगत नाही. दिवसभर दुसऱ्यासाठी लिहिलं की संध्याकाळी स्वतःचं लिहायला शब्दच उरत नाहीत, सगळे जाहिरातीच्या चालीत यायला लागतात. मागे माझ्या एका कथेतली बाई नवऱ्याला घर सोडून जाताना चक्क टॅगलाईन बोलली! म्हणून सकाळचा पहिला तास माझा, फोन दुसऱ्या खोलीत, क्लायंटचं काम नंतर. ती बाई अजून दारातच उभी आहे, चौदाव्या पानावर, बॅग हातात, आणि काय बोलून निघणार ते मला अजून सापडलेलं नाही. उद्या परत बघते, नऊला एका साबणाची डेडलाईन आहे त्याच्या आधी.