परकरावर परकर

सहल पोरीची आणि पसारा माझ्या घरात, असं चार दिवस चाललं होतं. ती जर्मनीत ड्रेस्डेनला, मी कळंबला. नाताळच्या सुट्टीत मित्रमैत्रिणी मिळून चौघं प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट करणार होते. जाताना रेल्वे, येताना बुडापेस्टहून विमान. विमानाचं तिकीट इतकं स्वस्त, की ह्यांनी आधी ते खोटं असणार म्हणूनच सांगून टाकलं. मग कळलं, की ते तिकीट नुसत्या माणसाचं आहे. सामानाचे पैसे वेगळे, आणि ते माणसापेक्षा जास्त. फुकटात एकच पिशवी न्यायची, ती समोरच्या सीटखाली सरकवायची आणि तिचं माप ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर.

"आई, म्हणजे केवढं गं ते?"

"मेकॅनिकलचं मास्टर्स करायलीस ना तू?"

"आकडा कळतो गं. पिशवी कळंना."

मग मी ब्लाऊज मापायचा टेप काढला आणि घरभर फिरले. शाळेची पर्स लहान, दिवाणातली बॅग अवाढव्य, देवघरातला चौरंग उथळ. शेवटी स्वयंपाकघरात गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा डबा हाती लागला. त्याच्यापेक्षा थोडी मोठी, बस. आठ दिवसांची थंडीतली सहल आणि सामान तेलाच्या डब्याएवढं! आमच्याकडं तुळजापूरला एक मुक्काम करायचा तरी याच्या दुप्पट बोचकं निघतं, आणि त्यातलं निम्मं न उघडता परत येतं.

सुट्टीत तिथंच थांबायला काय झालं, असं मीही विचारलं होतं. तर नाताळात जर्मनीत गावंच्या गावं गपगार होतात म्हणे. २४ तारखेला दुपारी दुकानं बंद होतात, २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी, आणि जो तो आपापल्या आईबापाकडं. होस्टेलात उरतात ती लांबून आलेली पोरं. दिवाळीत सगळे गावी गेल्यावर पुण्याच्या होस्टेलात एकटं राहिलेल्या पोराला कसं वाटत असेल, तसंच. त्यापेक्षा हिंडलेलं बरं. हे तिनं सांगितलं आणि माझा विरोध तिथंच संपला.

सोबत एक स्पेनची मुलगी, एक व्हिएतनामची आणि एक निजामाबादचा तेलुगू मुलगा. मुलगा म्हटल्यावर ह्यांनी पेपर खाली ठेवला. पण आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एका वाक्यात विषय मिटवला. "निजामाबादचा व्हय? मग मोगलाईतलाच की आपल्या." आत्याबाई आता सत्त्याऐंशीच्या. निजामाचं राज्य भारतात आलं त्या पोलिस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे १९४८ला, दहा वर्षांच्या होत्या. त्यांच्या नकाशात अजून दोनच मुलूख आहेत, निजामाचा तो मोगलाई आणि इंग्रजांचा तो इंग्रजी. येडशीजवळचं त्यांचं माहेर मोगलाईत, बार्शी इंग्रजीत. प्राग कशात येतं, हे त्यांनी मला दोनदा विचारलं.

तयारी म्हणजे काय, तर आधी कागद. पोरीच्या राहण्याच्या परवान्याचं कार्ड नोव्हेंबरात संपलं होतं आणि नव्याचा पत्ता नव्हता. अर्ज वेळेत केलेला, पण त्या कार्यालयाकडून तारखा मिळता मिळत नव्हत्या. तोवर हातात एक घडीचा कागद दिला. त्याचं नाव 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग'. मी हे नाव म्हणायची प्रॅक्टिस केली. तिसऱ्या दिवशी जमलं, तेव्हा वर्गातल्या पोरांनाही म्हणून दाखवलं. त्या कागदावर नेमक्या चौकटीत खूण असली, की जुना परवाना चालू धरतात आणि पासपोर्ट, जुनं कार्ड बरोबर ठेवून बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच परवान्यावर फिरता येणाऱ्या देशांत, हिंडता येतं. खूण दुसऱ्याच चौकटीत असली, तर मग घरी बसायचं. पोरीनं फोटो पाठवला. मी चष्मा लावून, फोटो मोठा करून बघितला. खूण बरोबर होती. मला जर्मन येत नाही, तरी बघितल्याशिवाय झोप आली नसती.

मग पैसे. जर्मनीत युरो, प्रागला कोरुना, व्हिएन्नाला पुन्हा युरो, बुडापेस्टला फोरिंट. खर्च वाटून घ्यायला पोरांनी एक ॲप घेतलंय, कुणी कुणाला किती द्यायचं ते तेच सांगतं. हे ऐकून आत्याबाई हसल्या. त्यांचे वडील बार्शीच्या बाजाराला निघाले की धोतराच्या दोन सोग्यांना दोन गाठी मारायचे, एका गाठीत हाली, दुसरीत कलदार. निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार, आणि सहा कलदारांना साधारण सात हाली मोजावे लागत. बाजारात गाठ चुकली की घरी येईपर्यंत भांडण चालायचं. ॲपही काही वेगळं करत नसावं. पहिल्याच दिवशी तिकिटांचे पैसे दोनदा चढले आणि व्हिएतनामची मुलगी रुसली.

खाण्याचं मात्र मी कुणाला विचारलं नाही. उन्हाळ्यात ती आली होती, तेव्हाच येसराची बरणी भरून दिली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धान्यं, डाळी आणि मसाले खमंग भाजून दळून ठेवायचे, हा येसर. फोडणी करून पाणी उकळायचं, त्यात हे पीठ कालवून सोडायचं, की दहा मिनिटांत आमटी. पाहुणे वाढले, भाजी आटली, पाऊस लागला, सगळ्यावर हाच उतारा. होस्टेलच्या स्वयंपाकघरात एक पातेलं आणि मीठ मिळालं तरी चौघांचं भागतं. शिवाय कोरडं, त्यामुळं विमानतळावर अडत नाही. निजामाबादच्या पोराची आंब्याच्या लोणच्याची बरणी मात्र तेलानं डबडबलेली. हातातल्या सामानात १०० मिलीलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतलं पातळ काही बऱ्याच विमानतळांवर चालत नाही, म्हणून परतीच्या विमानाआधी लोणचं संपलंच पाहिजे, असा चौघांनी ठराव केला. स्पेनची पोरगी त्याला सूचक म्हणून होती म्हणे.

निघायच्या आदल्या रात्री तिनं फोन लावून टेबलावर उभा ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. तिथं संध्याकाळचे सहा, इथं साडेदहा. आत्याबाई एरवी नऊला झोपतात. त्या रात्री शाल घेऊन माझ्या शेजारी बसल्या. मी एकेक सांगत होते, ती एकेक बाहेर काढत होती. जाड टॉवेल बाहेर. दुसरी चप्पल बाहेर. मी आग्रहानं दिलेली चादर तर आत गेलीच नव्हती, ती तिच्या पलंगावर मागं दिसत होती. येसराचा डबा आत बाहेर, आत बाहेर झाला. शेवटी तिनं डबाच काढला, पीठ साध्या पिशवीत बांधलं आणि ती पिशवी मोज्यांच्या मधे दाबली. एवढं करून चेन लागेना. गुडघा ठेवला, तरी लागेना.

मग ती उठली आणि कपडे घालायला लागली. आधी अंगासरशी थर्मल, त्यावर शर्ट, त्यावर माझ्या बहिणीनं विणलेला स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर, वरून जाकीट. जाकिटाच्या एका खिशात चार्जर, दुसऱ्यात मोजे. "पिशवीचं माप घेतात, माणसाचं नाही," ती म्हणाली. तोंड तेवढं दिसत होतं.

मी हसत होते. आत्याबाई हसत नव्हत्या. त्या पुढं सरकून स्क्रीनकडं बारीक बघत होत्या.

"मला तीन परकर घातले हुते," त्या म्हणाल्या. "एकावर एक."

एवढ्या वर्षांत ही गोष्ट मी ऐकली नव्हती. थोरल्या बहिणीच्या लग्नाचं कापड बार्शीला घेतलं होतं. बार्शी लाईट रेल्वे होतीच, लातूरपर्यंत १९११ पासून, पण रेल्वेला तिकीट लागतं आणि बैल घरचे. परतताना हद्दीवर करोडगिरीचा नाका. नवं कापड दिसलं की जकात. म्हणून बार्शीतच एका वळचणीला गाडी थांबवून आईनं दोघी धाकट्या बहिणींच्या अंगावर नवे परकर चढवले, स्वतः लुगड्यावर लुगडं नेसली. वर दिवस उन्हाळ्याचे. नाक्यावरच्या शिपायानं बोचकं उघडलं. आत काय, तर दशम्या आणि लसणाची चटणी. त्यानं पोरीकडं नीट बघितलं, बोचक्याकडं बघितलं, म्हणाला, "पोरगी लईच बाळसं धरून हाय," आणि चार दशम्या काढून घेऊन गाडी सोडली.

"म्हणजे त्याला कळलं होतं, माय?" फोनमधून आवाज आला.

"मग काय आंधळा व्हता?"

पोरीनं त्या रात्री दुधात कणीक मळून दशम्या केल्या. पहिल्यांदाच. कडा करपल्या, एक तर पार नकाशा झाली. तिनं त्या फडक्यात बांधल्या आणि फडकं जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं. तिथं थोडी जागा उरली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रागहून फोन आला. गाडी नदीच्या काठाकाठानं गेली म्हणे. जर्मनीत तिचं नाव एल्ब, पलीकडं गेली की लाबे. आपल्याकडं गोदावरीला गंगा म्हणतात तसं, असं तिनं निजामाबादच्या पोराला सांगितलं. आत्याबाईंना नदीशी घेणं नव्हतं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"नाका कुठं लागला?"

"लागलाच नाही, माय. मी झोपले होते. उठले तर फोनवर मेसेज, चेक देशात स्वागत आहे म्हणून."

"कुणी खिसे बघितले न्हाईत?"

"न्हाईत."

"अन् दशम्या?"

"आम्हीच खाल्ल्या. स्पेनच्या पोरीनं दोन खाल्ल्या."

आत्याबाई जरा गप्प राहिल्या. मला वाटलं, फोन परत देतील.

"बरं, ऐक," त्या म्हणाल्या. "येताना इमानाच्या नाक्यावर हात अंगाला चिटकवून चाल. आत कपडे जास्त असले की हात लांब राहतेत. मी तिथंच सापडले."