खोपोलीचा डायनोसॉर आणि पालीचा दगड

साताऱ्याहून पहाटे पावणेपाचला निघालो. आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत गाडीत नुसता किलबिलाट होता, पण खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि मागची सीट गाढ झोपली. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा, आणि दोघांच्या मधे त्यांची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. गाडी मी चालवत होते, हा, माझा नवरा, शेजारी बसून थर्मासमधला चहा ओतून देत होता.

बेत दोन दिवसांचा. पहिला दिवस मुलांचा, खोपोलीजवळच्या इमॅजिका या करमणूक पार्कात. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंसाठी पालीचा बल्लाळेश्वर. दोन्ही ठिकाणं एकाच खोपोली-पाली रस्त्यावर आहेत हे नकाशात दिसलं, तेव्हाच आईंना बरोबर घ्यायचं ठरलं. त्या आधी नकोच म्हणत होत्या. "पोरांच्या पाळण्यात मी म्हातारी काय करू?" पण पालीचं नाव काढल्यावर त्यांनी आदल्या रात्री दशम्या करायला घेतल्या.

पुण्याच्या बाहेरून देहूरोड गाठून एक्सप्रेसवेला लागलो. खंडाळ्यापर्यंत रस्ता सरळ आहे, सांगण्यासारखं काही नाही. घाट उतरताना मात्र खोपोलीच्या फाट्याला जुना रस्ता धरला आणि चौथ्या वळणावर धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. गाडी कडेला घेईपर्यंत उलटी झालीच. आईंनी बटव्यातून आवळासुपारी काढून त्याच्या तोंडात टाकली, पदर ओला करून तोंड पुसलं आणि "झालं, आता पोट हलकं झालं" म्हणून विषय संपवला. थोडं पुढे शिंग्रोबाचं देऊळ लागलं. हा घाट इंग्रजांना ज्या धनगरानं दाखवला त्याचं हे ठाणं, असं सगळे सांगतात, आणि येणारेजाणारे ड्रायव्हर इथं नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. आम्हीही टाकलं. खाली खोपोली दिसायला लागल्यावर डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजकेंद्राचे जाडजूड पाइप मुलांना दाखवले. वळवणच्या धरणाचं पाणी इथं खाली येतं आणि १९१५ पासून त्यावर वीज तयार होते. धाकटा म्हणाला, "मग हे पाइप डायनोसॉरच्या मानेएवढे आहेत."

त्याच्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. सहा महिने तो डायनोसॉरशिवाय बोलत नाही. इमॅजिकात राजासॉरस नावाची बोटीची राइड आहे, अंधाऱ्या जंगलातून बोट जाते आणि शेवटी धबधब्यासारखी पाण्यात कोसळते, हे त्याला तोंडपाठ होतं. पार्किंगमध्ये बसून दशम्या, दही आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, कारण बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. आत गेल्यावर टबी हत्तीच्या उडत्या राइडकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. थेट राजासॉरस.

रांगेच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते. थोरली उंचीला पुरली. धाकटा पट्टीला पाठ लावून उभा राहिला, मान ताठ केली, आणि हळूच टाचा उचलल्या. तिथल्या मुलानं काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. टाचा जमिनीला टेकल्या. दोन बोटं कमी. फक्त दोन बोटं. "बाळा, पुढच्या वर्षी नक्की ये हं," तो मुलगा खरंच हळवं होऊन म्हणाला. नियम बरोबरच आहे, कमरेवरची दांडी लहान अंगाला घट्ट बसत नाही, हे मला कळतं. पण माझ्या पोटात कालवलं. धाकटा रडला नाही. तो तळहात डोक्यावर ठेवून पट्टीवर पुन्हा पुन्हा नेऊन बघत राहिला.

मला विचाराल तर लहान मुलांना घेऊन निघण्याआधी घरीच उंची मोजा, कुठे बसता येईल आणि कुठे नाही ते त्यांना आधीच सांगा. मी ते केलं नव्हतं. चूक माझी.

हा थोरलीला घेऊन आत गेला. आम्ही दोघं बाहेर, जिथं बोट पाण्यात आदळते त्या कठड्याशी बसलो. मी त्याला खरा राजासॉरस सांगितला. तो परदेशातला नाही, आपल्या शेजारचा, गुजरातमधल्या बालासिनोरजवळ त्याची हाडं सापडली. डोक्यावर छोटं शिंग, म्हणून राजा. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं, त्यात नर्मदेचंही नाव आहे. "म्हणजे तो खरा होता?" "खरा होता." बोट आदळली, पाण्याचे शिंतोडे आमच्यावर आले आणि तो पहिल्यांदा हसला.

दुपारनंतर दिवस त्याच्या कलानं घेतला आणि तोच आमचा खरा दिवस झाला. बुटक्या बोटी, गोल फिरणारे कप, थ्रीडी सिनेमा. नायट्रो या रोलर कोस्टरला हा एकटा जाऊन आला, केस विस्कटलेले, चेहरा उजळलेला. आणि घोड्यांच्या चक्रीपाशी आई अचानक थांबल्या. त्यांचं माहेर पुसेगावच्या बाजूचं. लहानपणी सेवागिरी महाराजांच्या यात्रेत अशाच लाकडी घोड्यांच्या चक्रीत बसायच्या, वडील दोनदाच पैसे द्यायचे, आणि चक्री थांबताना घोड्याच्या मानेला घट्ट मिठी मारायच्या. "मी बसू का गं?" त्यांनी मला इतक्या हळू विचारलं की मला आधी ऐकूच आलं नाही. पदर खोचून त्या धाकट्याच्या शेजारच्या घोड्यावर बसल्या. तीनदा बसल्या. संध्याकाळची परेड, दिवे, नाच सगळं छान होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर ती चक्रीच राहिली आहे.

रात्री पालीला मुक्काम केला. पहाटे आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन, मग बल्लाळेश्वराचं, असा तिथला रिवाज. देऊळ पूर्वेला तोंड करून आहे, कोवळं ऊन गाभाऱ्याकडे येत होतं. सभामंडपातली मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी आणलेली, असं तिथे सांगतात. मंडपातच बसून आईंनी मुलांना गोष्ट सांगितली. बल्लाळ नावाचा लहान मुलगा मित्र जमवून रानात एका दगडाला गणपती मानून पुजायचा. बापानं रागावून दगड फेकून दिला, पोराला झाडाला बांधून मारलं. पण पोरानं हाक मारायची सोडली नाही. अष्टविनायकांत भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा हा एकच गणपती, आणि तो भक्त एक मूल. धाकटा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

देवळाबाहेर आलं की सरसगड किल्ल्याचा डोंगर अगदी अंगावर येतो, काळा, उभा. त्यानं विचारलं, "हा डोंगर कधीचा?" मी सांगितलं, हा सगळा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो वाहिला, डायनोसॉर संपले त्याच सुमाराला. राजासॉरसची हाडं ज्या थरात सापडली, त्याच्या वर हाच लाव्हा पसरलेला आहे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग पायथ्याच्या वाटेवर बसून त्यानं मुठीत मावेल एवढा एक काळा दगड निवडला, तीन-चार टाकून, हा नको, तो नको करत. घरापर्यंत तो त्याच्या हातात होता. घाटात मळमळलं तेव्हाही सुटला नाही.

आता तो दगड आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. आईंनीच धुऊन ठेवला. रोज सकाळी फुलं वाहून झाली की उरलेलं एक त्या त्याच्यावरही ठेवतात, आणि शाळेत जाताना धाकटा ते फूल नीट मधोमध सरकवून जातो.