सुप्याच्या माळावर, मे महिन्यात

चौफुल्याला सोलापूर महामार्ग सोडून मोरगावच्या रस्त्याला लागलो, तेव्हा सकाळचे सहा वाजत आले होते. गवत वाळून पिवळं पडलेलं, मधूनमधून उघडा मुरूम आणि एखादं हिवराचं झाड. बरोबर माझा भाचा, वय वर्षं तेरा. सुप्याजवळ गाडीतून उतरून त्यानं चहूकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, इथं तर काहीच नाहीये."

त्याला काय बोलणार? सरकारी नोंदींतही अशा माळांची गणती बहुतेकदा पडीक जमिनीतच होते. मोरगावच्या मयूरेश्वराचं नाव लाभलेलं इथलं अभयारण्य १९९७ सालचं. चिंकारांसाठी राखलेलं, पण जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. चिंकारा काही हद्द पाहून चरत नाहीत. भोवतालचा उघडा माळही त्यांचाच आहे.

पहिला चिंकारा दिसला तो त्याच्या शेपटीमुळे. काळी आखूड शेपटी सारखी हलत होती, आणि मग तिच्या आजूबाजूला हळूहळू हरीण उमटलं. एक नव्हे, पाच होते. आम्ही दहा मिनिटं त्यांच्याकडेच बघत उभे होतो! पाठ मातकट, पोट पांढरं. ऊन वरून पडतं, तेव्हा पाठ उजळते आणि पोट सावलीत जातं. या रंगांमुळे हिशोब उलटा होतो: गडद पाठ उन्हानं फिकी दिसते, पांढरं पोट सावलीनं मळकट दिसतं. अंगाची गोलाई मिटते आणि हरीण मागच्या गवतात सपाट होऊन जातं.

नऊच्या सुमारास अभयारण्याबाहेरच्या माळावरून चालत होतो. समोरून एक धनगर मामा मेंढरं घेऊन येत होते. अचानक त्यांनी काठी आडवी धरली. "ताई, थांबा. म्होरं अंडी हायत."

मी पायाखाली पाहिलं. मुरूम, खडे, मेंढरांच्या लेंड्या. मामांनी काठीनं लांबूनच जागा दाखवली, तरी दिसेना. भाच्याला आधी दिसलं. हाताच्या ओंजळीएवढा खोलगट भाग, त्यात चार अंडी, निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली. मातकट रंगावर काळपट ठिपके, भोवती तसेच खडे. नजर क्षणभर हलवली की पुन्हा शोधावं लागायचं. माळटिटवीचं घरटं होतं ते. मी आणखी तीन पावलं टाकली असती, तर काय झालं असतं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"ती बघा की, तिकडं वरडती." पन्नास पावलांवर माळटिटवी खरंच ओरडत इकडून तिकडे पळत होती. "ही मानूस लांब असतानाच उठती. आन रातची चकचक वरडती ना, ती पायाखाली येईस्तोवर उठत न्हाई."

रातची चकचक ओरडणारा म्हणजे रातवा. मामांचं हे वाक्य मी जपून ठेवलं आहे, कारण आफ्रिकेत झांबियामध्ये रातवे, धाविक आणि टिटवीच्या गोतातल्या पक्ष्यांच्या घरट्यांवर काम करणाऱ्या संशोधकांना हाच भेद महत्त्वाचा दिसला. रातवा शेवटपर्यंत अंड्यांवर बसून राहतो, म्हणून त्याच्या घरट्याचं नशीब त्याच्या पिसांचा रंग जमिनीशी किती जुळतो यावर ठरतं. धाविक आणि टिटव्या लवकर उठून जातात. मागे उघडी राहतात ती अंडी, आणि तिथे अंड्यांचे ठिपके जुळावे लागतात. मला त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे, हे पक्षी घरट्यासाठी जी जागा निवडतात ती त्या एकेका पक्ष्याच्या स्वतःच्या पिसांना किंवा अंड्यांना अधिक जुळणारी असते. पक्ष्याला हे कसं उमगत असेल?

आम्ही लगेच मागे सरलो. टिटवी जितका वेळ दूर राहील तितका वेळ अंडी उन्हात भाजतात. आई-बाप पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात. मे महिन्यातल्या या माळावर जवळचं पाणी कुठं असेल, याचा विचार करत मी चालत राहिले.

त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर गाडीच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या. रस्ता सोडून, गवत चिरडत, गोल फिरून गेलेल्या. जवळून फोटो हवा म्हणून पक्ष्याच्या मागे गाडी घालणारे असतात. घारीला, खोकडाला, मुंगसाला चकवणारा रंग इथे उलटतो, कारण चालवणाऱ्यालाही अंडी दिसत नाहीत. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत माळावर गाडी वाटेखाली उतरवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

एका दगडावर सरडा भेटला. मातीच्या रंगाचा, मान वर करून बसलेला. एकाएकी त्यानं गळ्याखालचा पंखा उघडला. निळा, काळा, नारिंगी! दुसऱ्या क्षणी मिटला आणि पुन्हा माती. विणीच्या काळात नराला मादीच्या नजरेत भरायचं असतं आणि शिकऱ्याच्या नजरेतून सुटायचंही असतं. या पंखेवाल्या सरड्यांच्या एका गटाला २०१६ साली शास्त्रज्ञांनी नवं नाव दिलं, ते आपल्या मराठीतलं: 'सरडा'. शास्त्रीय नावात हा शब्द वाचला तेव्हा ऊर भरून आला होता.

दुपार हिवराखाली काढली. संध्याकाळी वाटेवर बसून धाविकांची जोडी पाहिली. तुरुतुरु पळायचे, थबकायचे, थबकले की नाहीसे. डोळ्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे डोक्याची गोल कडच मोडते, आणि नजर पक्षी म्हणून काही जुळवूच शकत नाही. थबकलेला धाविक पुन्हा पळेपर्यंत वाट बघणं, एवढाच उपाय.

अंधार पडला आणि चकचक सुरू झाली. दिवसभर रातवा कुठे होता, कुणास ठाऊक. बसला असेल वाळक्या पाचोळ्यात, डोळ्यांच्या नुसत्या फटी ठेवून, कारण चकाकता गोल डोळा तेवढा चहाडी करतो. परतताना मातीच्या वाटेवर गाडी अगदी हळू चालवत होते. भाचा खिडकीतून अर्धा बाहेर वाकून समोरच्या उजेडाकडे बघत होता.

"मावशी, थांब!"

ब्रेक दाबला. वाटेच्या मधोमध एक लाल निखारा. मी दिवे मंद केले. निखारा विझला, पंखांचा आवाजही न करता काहीतरी वर उठलं आणि बोरीच्या झुडपामागे गेलं.