अकराव्या दिवशी नाकाड्या जेवला

जेवला! नाकाड्या म्हणजे माझा नवा कॉपरबँड, चोचीसारख्या लांब तोंडाचा समुद्री मासा. काल रात्री सव्वानऊला मी हॉलमधून असा ओरडलो की आईला वाटलं पुन्हा सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) फुटला. (त्या फरशा अजून बसवायच्याच आहेत, विचारू नका.)

कॉपरबँड घरी आणला की सहसा खात नाही, घेऊ नकोस, असं तुम्ही सगळ्यांनी बजावलं होतं. मी 'दुकानात खातोय की' या एका वाक्यावर भुललो. तेव्हा काढलेला व्हिडिओ परवा पुन्हा पाहिला. चोच मारतोय तो काचेवरच्या शेवाळाला, आणि आर्टेमिया, म्हणजे माशांना घालतात ते कोळंबीसारखे इवले जीव, त्याच्या नाकासमोरून आरामात तरंगत चाललाय. दुकानदार खोटं बोलला असं म्हणत नाही. मलाच जे बघायचं होतं ते मी बघितलं.

पहिल्या आठवड्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. फ्रोझन मायसिस (हीसुद्धा कोळंबीसारखीच, जरा मोठी), लसणाच्या रसात भिजवलेलं मायसिस, मायसिसचा चुरा: शून्य. घरी अंड्यांतून फोडलेला ताजा आर्टेमिया टाकला, तर मान वाकडी करून एकेका पिल्लाकडे बघायचा आणि निघून जायचा. (अंड्यांबाबत एक सल्ला: सुट्या पुड्या घेऊ नका. माझ्या पुडीतली निम्मी चोवीस तासांनंतरही तशीच तरंगत होती. डबाबंद महाग पडतात, पण फुटतात.) आठव्या दिवशी डोक्यामागे खळगा दिसायला लागला. कॉपरबँड पाळलेल्यांना माहीत आहे की तो खळगा दिसला म्हणजे उलटी गिनती सुरू.

नवव्या दिवशी वैतागून मोठ्या टँकमधला एक लाइव्ह रॉक (समुद्री जीव वसलेला खडक) क्वारंटाइनमध्ये, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवतात त्या छोट्या टाकीत, टाकला. त्यावर तीन-चार एप्टेशिया (टँकमध्ये तणासारखे माजणारे समुद्रफुलाचे जीव) होते, ज्यांना मी वर्षभर शिव्या देत होतो. सकाळी दोन गायब! पोट भरण्याइतकं ते नव्हतंच, पण माझी ट्यूब तेव्हा पेटली. हा मासा पाण्यातलं तरंगतं अन्न ओळखतच नाही. ते नाक आहेच मुळी फटींत, भोकांत घालायला. समुद्रात हा खडकाच्या सांदीतून किडे उपसून खातो, आणि मी त्याच्या डोक्यावरून पाऊस पाडतोय. मेनू ठीक होता, ताट चुकत होतं.

म्हणजे तिसऱ्या, आपल्या खायच्या शिंपल्या. अर्ध्या शिंपीतली तिसरी हा कॉपरबँडवरचा जुनाच उतारा, मला ठाऊक होता. मग नऊ दिवस का थांबलो? श्रावण! आमच्याकडे महिनाभर फ्रीजमध्ये अंडंसुद्धा येत नाही. आई म्हणाली, "मासा पाळलायस तिथवर ठीक. माशासाठी मासळी बाजार नको." शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकूंना शरण गेलो. त्यांच्याकडे श्रावणबिवण नाही आणि फ्रीझर मोठा आहे.

मुंबईतल्या सिटीलाइट मार्केटमध्ये मासेवाल्या मावशींकडे सहा तिसऱ्या मागितल्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट पूर्ण वाटा घेतला. घरी आणून टँकच्याच पाण्यात चार तास ठेवल्या, वाळू ओकू दिली. मी सुरी घेऊन झटापट करत होतो, तर काकूंनी विळी ओढली आणि सुक्यासाठी उघडतात तशी एकेक खटाखट उघडून दिली, सगळं मांस एका शिंपीत. आपण परदेशी व्हिडिओ बघून शिकतो ते हेच की!

पहिली शिंपी तळाशी नुसती ठेवली. दुर्लक्ष. मग ती पीव्हीसी पाइपाच्या तोंडाशी, जरा तिरकी, अर्धी अंधारात टेकवली. कडेचं मांस अजून आकसत होतं. नाकाड्या दोनदा समोरून गेला. तिसऱ्या खेपेला थांबला, एक डोळा लावून बघितलं आणि टुक. मग टुक टुक टुक. वीस मिनिटांत शिंपी चाटूनपुसून साफ. पाण्यात ढवळाढवळ नको म्हणून मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो, काय उपयोग होता देव जाणे.

आता कटकटी. ऐंशी लिटरच्या टाकीत तिसरी म्हणजे अमोनियाला आमंत्रण. तासाभरात शिंपी बाहेर आणि दिवसाआड पंचवीस टक्के पाणी बदल. दुसरं म्हणजे फक्त तिसऱ्यांवर त्याला ठेवता येणार नाही. बऱ्याच शिंपल्यांत थायामिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-१ जीवनसत्त्व खाऊन टाकतं, आणि गोठवून ते जात नाही. महिनोन्‌महिने हेच दिलं तर मासा भरल्या पोटी खंगेल. म्हणून आज सकाळी फसवाफसवी केली: शिंपीत निम्मं मांस, निम्मं मायसिस, बोटाने दाबून बसवलेलं. पठ्ठ्याने मांस वेचून खाल्लं आणि मायसिस फुंकून बाजूला काढलं. अक्षरशः फुंकून! लहानपणी मी पोह्यांतले दाणे असेच वेचायचो, आई म्हणते भोग आता.

संध्याकाळी दोन्ही एकत्र वाटून पुन्हा दिलं. तीन घास घेतले, एक थुंकला. मी त्याला अडीच धरतो.

बेत असा होता की मायसिसचं प्रमाण रोज थोडं वाढवत न्यायचं आणि पंधरा दिवसांनी मोठ्या टँकमध्ये सोडायचं. पंधराच, कारण क्वारंटाइन ज्या कोपऱ्यात आहे तिथेच गणपतीचं मखर बसतं आणि त्या तारखेत सूट नाही. पण तिकडे पावडर ब्लू हा दांडगट निळा मासा आहे. तो शिंपी बघताच नाकाड्याला हाकलून सगळी साफ करणार. हे लिहिता लिहिता सुचलं: शिंपी हवीच कशाला? चुनखडीच्या तुकड्याला नाकाड्याच्या चोचीच्या मापाची खोल भोकं पाडायची आणि वाटलेलं मिश्रण आत दाबायचं. पावडर ब्लूचं तोंड आत शिरणार नाही. दगड ओळखीचा झाला की आतला माल हळूहळू बदलत न्यायचा. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपलीय, ओला जवळा मिळू लागला तर तोही त्यात घालून बघेन. आयात मायसिसच्या भावात किती जवळा येईल याचा हिशोब करायचीच भीती वाटते.

तेव्हा शिंपीची सवय लावणं इथेच थांबवतो, उद्यापासून दगड. ड्रिल आहे. बिट सहा मिलिमीटरचा घेऊ की आठचा? नाकाड्याचं नाक मोजायला गेलो तर तो पाइपात जाऊन बसलाय.