चक्क्यात लसूण

शनिवारी रात्री मी एक किलो दही पंच्यात बांधून सिंकच्या नळाला टांगलं, तेव्हाच घरात सांगून टाकायला हवं होतं की हे श्रीखंडासाठी नाहीये. नाही सांगितलं. सकाळी बाबांनी ते गाठोडं बघितलं, चहा पिता पिता दोनदा विचारलं की वेलची आहे ना घरात, आईने न सांगता जायफळ काढून ठेवलं, आणि अकरा वाजता मी त्या मस्त घट्ट चक्क्यात ठेचलेला लसूण घातला. बाबा पेपर उचलून गॅलरीत निघून गेले.

करायची होती ग्रीक त्झात्झिकी, म्हणजे घट्ट दही, काकडी आणि लसणाचं तोंडीलावणं. नाव लिहिताना हात अडखळतो पण बोलायला आपल्याला एकदम सोपं, कारण ग्रीक लोकांचा तो ज म्हणजे आपला जाळ्यातला ज, जो हिंदीवाल्यांना आयुष्यभर जमत नाही. तुर्कस्तानात याचाच भाऊ जाजिक, तिथला ज मात्र जेवणातला. शब्द तुर्कीतून ग्रीकमध्ये गेला आणि वाटेत ज बदलला, मराठी माणसाकडे दोन्ही ज आधीपासूनच आहेत, फुकट! जाजिक पातळ असतो, दह्यात पाणी घालून, कधी बर्फाचे खडे टाकून, वाटीत चमच्याने खातात. ग्रीक प्रकार घट्ट, पिटा ब्रेडवर किंवा सुव्लाकीबरोबर म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांबरोबर.

आई म्हणाली, "अगं ही लसूण घातलेली कोशिंबीरच की." मला पण आधी तसंच वाटायचं. पण नाही, फरक पाण्याचा आहे. आपण काकडी चोचवतो, कूट घालतो, लिंबू पिळतो आणि मीठ अगदी पानं घेताना, कारण मीठ लागलं की काकडीला पाणी सुटणार आणि ते सुटायच्या आत कोशिंबीर पानात पडली पाहिजे. ग्रीक बाई उलटं करते. काकडी किसायची, मीठ लावायचं आणि अर्धा तास खुशाल सोडून द्यायची, जेवढं पाणी सुटायचं तेवढं आधीच सुटू दे. मग मुठीत धरून पिळायची, आणि पिळायची म्हणजे पोहे पिळतो तशी हलक्या हाताने नाही, मनगट दुखेपर्यंत. दोन चांगल्या लांब काकड्यांचा शेवटी एक लाडू उरतो, वाईट वाटतं बघून. दह्यातलं पाणी गेलं, काकडीतलं गेलं, म्हणून तर हे दुसऱ्या दिवशीही डब्यात तसंच्या तसं राहतं.

बाकी फार काही नाही. लसणाच्या दोनच पाकळ्या मिठाबरोबर ठेचून (लसूण ठेचला की पेशी फुटतात आणि तेव्हाच तो झणझणीतपणा तयार होतो, पहिल्या वेळी मी सहा घातल्या होत्या, त्याबद्दल बोलायला नको), चमचाभर व्हिनेगर, दोन-तीन चमचे ऑलिव्ह ऑइल. फोडणी नाही. कच्चं तेल म्हटल्यावर आईने नाक मुरडलं, पण भाकरीवरच्या ठेच्यावर आपण काय घालतो मग? आणि वरून बारीक चिरलेला शेपू. हो, तोच शेपू, ज्याची भाजी केली की मी लहानपणी पोट दुखतंय म्हणून झोपून जायचे. सायप्रसमध्ये शेपूऐवजी पुदिना घालतात आणि त्याला तालातूरी म्हणतात. बल्गेरियात असंच घट्ट दही, काकडी, लसूण, शेपू आणि वर अक्रोड, आणि त्या सॅलडचं नाव स्नेझांका म्हणजे चक्क हिमगौरी. इतका लसूण खाऊन हिमगौरी!

मग दोन तास फ्रीजमध्ये. लगेच चाखलं तर लसूण वेगळा, दही वेगळं लागतं.

दरम्यान आईने काकडीचं पिळलेलं पाणी आणि पंच्याखालच्या पातेल्यातलं दह्याचं पाणी दोन्ही थालीपिठाच्या भाजणीत ओतलं होतं, तिला काही टाकवत नाही. पिटा नव्हताच, त्यामुळे संध्याकाळी गरम थालीपिठाबरोबर त्झात्झिकी. बाबांनी पहिला घास नाइलाजाने घेतला, मग वाटी जवळ ओढली, मग बोटाने पुसली. बोलले काहीच नाहीत.

या शनिवारी मी परत दही टांगलं तर आईने आधी विचारून घेतलं, "गोड का लसणाचं?"