कानावरचा नकाशा

ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचा चोवीस हालचालींचा क्रम मी गेली काही वर्षे रोज सकाळी करते. एका पायावरचा सगळा भार दुसऱ्या पायावर गेल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही, हा त्यातला पहिला धडा अंगवळणी पडायलाच मला कितीतरी महिने लागले. हा क्रम शतकानुशतके असाच चालत आला असावा, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात चीनच्या क्रीडा आयोगाने तो १९५६ साली ताई चीच्या यांग या शैलीतल्या लांबलचक क्रमातून बेतला, तोही सर्वसामान्य माणसाला चटकन शिकता यावा म्हणून. माझी गोडी त्याने कमी झाली नाही. उलट अशा पद्धती देशोदेशी जाताना वाटेत काय काय बदलते, हे शोधावेसे वाटू लागले.

अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरविषयी, म्हणजे अंगावर ठराविक बिंदूंवर सुया टोचण्याच्या चिनी उपचाराविषयी, कुतूहल जागे झाले, त्यात जेम्स रेस्टन या पत्रकाराचा मोठा वाटा आहे. जुलै १९७१ मध्ये बीजिंगला असताना त्यांचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. ते नेहमीच्या पद्धतीने, इंजेक्शनने तो भाग बधिर करून केले गेले, आणि ज्या रुग्णालयात झाले ते मुळात रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून पाश्चात्त्य वैद्यकासाठी उभे राहिलेले होते. सुया टोचल्या त्या नंतर, दुसऱ्या रात्री पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले तेव्हा: उजव्या कोपराशी आणि दोन्ही गुडघ्यांखाली. रेस्टन यांनी हे सारे आपल्या वृत्तपत्रात स्वच्छ लिहिले. तरीही सांगोवांगी त्याची गोष्ट झाली ती ‘भूल न देता, केवळ सुयांवर ऑपरेशन’ अशी, आणि ती आजही ऐकू येते. एका रुग्णाचा प्रांजळ अनुभव असा चमत्कार म्हणून खपवला जातो, याचे मला वाईट वाटते.

कानावरच्या बिंदूंवर सुया टोचून करायच्या उपचाराची गोष्ट याच्या उलट दिशेची आहे. कानाचे उल्लेख जुन्या चिनी ग्रंथांत आहेत; पण कानावर उलटा गर्भ कल्पून, पाळीच्या जागी डोके धरून, शरीराच्या प्रत्येक भागाचा बिंदू दाखवणारा नकाशा मांडला तो पॉल नोजिए या लिऑनच्या फ्रेंच डॉक्टरांनी, १९५० च्या दशकात. तो चीनमध्ये पोहोचला, तिथल्या वैद्यांनी तो तपासला, त्यात भर घातली, आणि मग तो ‘प्राचीन चिनी विद्या’ म्हणून पुन्हा पश्चिमेकडे आला. अशा तक्त्यांवर नोजिए यांचे नाव असायलाच हवे, असे मला मनापासून वाटते. चिनी वैद्यांच्या कामाचे मोल त्याने तसूभरही कमी होत नाही.